कंपनीतली अंतर्गत समिती पाटीवरून कामावर कशी आणायची

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या बऱ्याच कंपन्यांत आता ती पाटी असते. काचेची चौकट, वर कंपनीचं बोधचिन्ह, मध्ये कायद्याचं लांबलचक नाव आणि खाली अंतर्गत समितीच्या, म्हणजे कामाच्या जागच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या, सदस्यांची नावं. लावलेली असते रिसेप्शनमध्ये. पॅकिंगच्या आणि हाउसकीपिंगच्या बायका येतात मागच्या गेटानं. हजेरी लावतात, बांगड्या-मंगळसूत्र काढून लॉकरमध्ये ठेवतात, डोक्यावर टोपी चढवतात आणि लाईनवर उभ्या राहतात. वर्षानुवर्षं नोकरी करूनही ती पाटी त्यांच्या नजरेला पडत नाही.

मी रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या काही कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. त्याआधी याच एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते आणि नोकरी सांभाळून कायद्याचं शिक्षण घेतलं. हजेरीपत्रक, गेटपास, पगारपत्रक हे कागद कुठे असतात आणि काय बोलतात ते मला ठाऊक आहे. या कामात त्याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

हे लिहितेय ते दोघींसाठी. एक, जिचं नाव समितीत घातलंय पण करायचं काय हे कुणी सांगितलेलं नाही. दुसरी, जिच्या कंपनीत समितीच नाही आणि ती व्हावी असं तिला वाटतं.

कुठल्याही कंपनीत पहिल्यांदा गेले की मी एचआरच्या केबिनमध्ये जायच्या आधी कँटीनमध्ये जाते. तिथे भांडी घासणाऱ्या मावशींना किंवा चहाला आलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या मुलीला विचारते, "इथे बाईमाणसाला कुणी त्रास दिला तर सांगायचं कुणाला?" "सुपरवायझरला" असं उत्तर आलं तर समिती फायलीत आहे. "शिंदे मॅडम आहेत ना, त्यांना" असं एखादं नाव आलं, तर समिती जिवंत आहे. बाई कायद्याकडे तक्रार घेऊन जात नाही, ओळखीच्या चेहऱ्याकडे जाते. म्हणून समितीचं सगळं काम या एका प्रश्नावर तपासून बघा: सगळ्यात कमी पगाराच्या, सगळ्यात कच्च्या नोकरीतल्या बाईला समितीतलं एक तरी माणूस नावानं माहीत आहे का?

समितीत कोण असावं

दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी समिती हवी. दहा बायका नव्हेत, दहा माणसं. एकच बाई असली तरी हवी. आणि कंपनीच्या शाखा वेगवेगळ्या जागी असतील तर प्रत्येक जागी वेगळी हवी. अंधेरीच्या हेड ऑफिसची समिती महाप्याच्या प्लांटला चालत नाही, कारण रात्रीच्या शिफ्टमधली बाई अंधेरीला जाऊन तक्रार देणार नाही, हे उघड आहे.

अध्यक्ष वरच्या पदावरची महिला कर्मचारीच असते. कर्मचाऱ्यांतले किमान दोन सदस्य, महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतलं किंवा या विषयाची जाण असलेलं बाहेरचं एक, आणि एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. एवढं कायद्यात आहे आणि कंपन्या ते पाळतातही. अडतं ते त्या दोन सदस्यांच्या निवडीत. बहुतेक ठिकाणी एक एचआरची आणि एक अकाउंट्सची, दोघी पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या. दोघी चांगल्या असतील, पण लाईनवरच्या बाईनं त्यांना पाहिलेलंही नसतं.

मी आग्रह धरते तो असा. एक सदस्य शॉप फ्लोअरवरची हवी, शक्यतो जिच्याकडे बायका तसंही मन मोकळं करायला जातात ती. अशी एक प्रत्येक कारखान्यात असते. कुणाला पाळीचा त्रास झाला तर गोळी देणारी, कुणाच्या मुलाच्या ॲडमिशनचा फॉर्म भरून देणारी. तिचं शिक्षण कमी असेल, इंग्रजी येत नसेल, तर बिघडलं नाही. समितीचं कामकाज मराठीत चालवा. पुरुष सदस्य घ्यायचा असेल तर ज्याच्याबद्दल बायकांचं मत चांगलं आहे असा घ्या, आणि ते मत एचआरला न विचारता बायकांना विचारा. जो प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्यांच्या ओव्हरटाइमवर सही करतो त्याला समितीत बसवू नका. त्याच्या हाताखालची बाई तोंड उघडणार नाही.

बाहेरच्या सदस्याबद्दलही बोलायला हवं, कारण ती जागा माझी आहे. कंपनीच्या मालकाच्या ओळखीतली, वर्षातून एकदा सही करून जाणारी बाहेरची सदस्य ही नुसती शोभा. समितीत नेमणूक झाली की पहिल्या महिन्यात मी प्रत्येक शिफ्टला एकदा जाते आणि माझा फोन नंबर लेडीज टॉयलेटच्या आतल्या दारावर लावायला सांगते. तिथे उभं राहून वाचताना कुणी बघत नसतं. समिती नेमल्याचा आदेश आणि छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ठळक जागा कुठली, हे मात्र बायकांना विचारूनच ठरवावं लागतं.

समितीच नसेल तर

तोंडी विचारू नका. एक पानाचा अर्ज लिहा: "लैंगिक छळ प्रतिबंध कायदा 2013 च्या कलम 4 नुसार आपल्या आस्थापनेत अंतर्गत समिती स्थापन झाली आहे का, झाली असल्यास सदस्यांची नावं व आदेशाची प्रत नोटीस बोर्डवर लावावी." खाली जितक्या जणी सही करतील तितक्यांच्या सह्या. एकटीनं सही करून अंगावर घेऊ नका. दोन प्रती काढा, एक आवकमध्ये द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

समिती न नेमणाऱ्या मालकाला 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा केला तर दंड दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अर्जात हे कलम 26 नुसतं नमूद करा, धमकीची भाषा नको. माझा अनुभव असा की बहुतेक मालक हट्टानं समिती टाळत नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. अर्ज गेला की हालचाल होते. नाहीच झाली तर जिल्हा अधिकाऱ्याकडे जायचं. ठाणे जिल्ह्यासाठी चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करा. केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं पोर्टल आहे, तिथेही तक्रार टाकता येते.

बायकांना शिकवताना

वर्षातून एकदा कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर इंग्रजी स्लाइड्स दाखवून सह्या घेणं याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. सह्या घ्या, पण शिकवा आधी.

वेळ शिफ्ट बदलायच्या आधीची धरा आणि तो वेळ कामाचाच मोजायला लावा. शिफ्ट सुटल्यावर ठेवलंत तर बायकांचं लक्ष घड्याळावर असतं. कुणाला रबाळ्याहून ठाण्याची लोकल गाठायची असते, कुणाची कंपनीची बस सुटत असते, कुणाचं मूल शेजारणीकडे असतं. चाळीस मिनिटं पुरतात. पुरुष अधिकारी आणि सुपरवायझर खोलीत नकोत. खुर्च्या गोल मांडा.

मी सुरुवात भँवरीदेवींपासून करते. राजस्थानातल्या भटेरी गावच्या. सरकारी कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, मानधन अगदी थोडं. 1992 मध्ये बालविवाह रोखायला गेल्या म्हणून गावातल्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. 1995 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. पण जयपूर-दिल्लीच्या महिला संघटनांनी प्रश्न वेगळ्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात नेला: ही बाई कामावर होती, मग कामावरच्या बाईला वाचवायची जबाबदारी कुणाची? 13 ऑगस्ट 1997 ला विशाखा निकाल आला आणि प्रत्येक मालकावर समिती नेमायचं बंधन पडलं. त्या खंडपीठात न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. संसदेचा कायदा व्हायला त्यानंतर आणखी सोळा वर्षं लागली, 9 डिसेंबर 2013 ला तो लागू झाला.

हे मी कौतुकासाठी सांगत नाही. हा कायदा ऑफिसातल्या मॅडम लोकांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी नाही, असं कॉन्ट्रॅक्टच्या बायकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. तो गावातल्या एका मानधनावरच्या बाईमुळे आला हे कळलं की त्यांची बसायची पद्धत बदलते. मग मी सांगते, कायद्यात कर्मचारी म्हणजे पर्मनंट, कॉन्ट्रॅक्टची, रोजंदारीवरची, शिकाऊ, सगळ्या. कंपनीत कामानिमित्त आलेली बाहेरची बाईसुद्धा तक्रार देऊ शकते. कंपनीनं दिलेली बस ही कामाची जागाच धरली जाते. ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये त्रास झाला तर मात्र ते काम समितीचं नाही, रेल्वे पोलिसांचं. तिथे 139 लावायचा.

मग प्रसंग. एक प्रसंग मी नेहमी घेते: "लाईनचा सुपरवायझर ओव्हरटाइम लावताना म्हणतो, तुझं नाव टाकतो, पण रविवारी वाशीला भेटायला येशील ना? बाई हसून विषय टाळते. हा छळ आहे का?" पहिलं उत्तर हमखास येतं, "तो तर सगळ्यांनाच असं बोलतो." दुसरं, "तिनं हसायला नको होतं." तिसरी हळूच विचारते, "हात तर लावला नाही ना?" मी लगेच उत्तर देत नाही. विचारते, "ती आली नाही तर पुढच्या महिन्यात तिचं नाव लागेल का?" तेव्हा खोली गप्प होते, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. मग सांगते की कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय: कामात फायदा देण्याचं उघड किंवा आडून दिलेलं आमिष, नुकसानीची धमकी, नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील बोलणं, अश्लील चित्र दाखवणं, हे सगळं छळातच येतं. बाईला ते नकोसं होतं का, यावर ठरतं. ती हसली म्हणजे तिला हवं होतं असं होत नाही. पगार ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर बाई हसते, कारण दुसरं काही करायची सोय नसते.

सत्राच्या शेवटी समितीच्या सदस्यांना उभं करून नाव सांगायला लावा आणि त्या रोज कुठे भेटतील तेही. "मी क्यूसीमध्ये बसते, दुपारी अडीचला चहाला येते." एवढ्या एका वाक्याचा उपयोग पन्नास स्लाइड्सपेक्षा जास्त होतो.

पुरुषांचं सत्र वेगळं घ्या आणि सुपरवायझरांचं त्याहून वेगळं. तिथे पहिला प्रश्न येतो खोट्या तक्रारींचा. टाळू नका, सरळ उत्तर द्या: द्वेषानं, खोटं आहे हे माहीत असून केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कलम 14 मध्ये आहे, पण तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. हे सांगितल्यावर बरेच जण ऐकायला लागतात. मग त्यांच्या घरातल्या, नोकरीला जाणाऱ्या मुलींचा विषय आपोआप निघतो आणि चर्चा खरी होते.

तक्रार लिहून घेताना

इथे सगळ्यात जास्त काळजी लागते, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

तक्रार लेखी हवी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. तसंच कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नाही. तिला स्वतःला येणं शक्य नसेल तर तिच्या लेखी संमतीनं, घटना माहीत असलेली मैत्रीण किंवा सहकारीही तक्रार देऊ शकते.

खोली अशी निवडा की येता-जाता कुणाला आत कोण बसलंय ते दिसणार नाही. पाणी ठेवा. आधी तिला बोलू द्या, लिहू नका. बाई सहसा शेवटापासून सुरू करते: "मला नोकरी सोडायचीय." मग उलट्या दिशेनं येते. मध्येच थांबवून "तारीख सांगा" म्हटलंत की ती गोंधळते आणि गोंधळली की तिला वाटतं आपलंच चुकतंय. सगळं बोलून झाल्यावर म्हणा, "आता आपण लिहू या."

"तो वाईट वागतो" असं लिहून काही होत नाही. काय केलं, कुठे, कधी, तेव्हा जवळ कोण होतं, तो काय बोलला, आणि तुम्ही काय केलंत. शब्द जसे बोलले गेले तसेच लिहा. घाण शब्द असेल तर घाण शब्दच. "अश्लील उद्गार काढले" असं सोवळं वाक्य लिहिलंत तर चौकशीत समोरचा म्हणतो, मी तर तिला कामात चुकलीस म्हणालो. बाई शब्द उच्चारायला लाजत असेल तर पेन तिच्या हातात द्या, ती बाजूच्या कागदावर लिहील.

तारीख कुणालाच आठवत नाही, तेव्हा मी टाइम ऑफिसच्या कागदांकडे वळते. "पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणते. पगार खात्यात कधी पडला ते फोनमधल्या मेसेजात आहे. "त्या दिवशी मी सेकंडला होते आणि बस चुकली." पंचिंग मशीनमध्ये तिची बाहेर पडायची वेळ आहे. "गौरी-गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी मला स्टोअरमध्ये पाठवलं." स्टोअरच्या मागणी-चिठ्ठीवर तिची सही आहे. अशा तीन-चार खुणा सापडल्या की जी बाई "मला काही आठवत नाही" म्हणत होती तिची तक्रार पक्की होते. हे कागद कंपनीकडेच असतात आणि बोलावून घ्यायचा अधिकार समितीला आहे. साक्षीदारांना आणि कागदपत्रांना हजर करण्याबाबत समितीला दिवाणी न्यायालयाइतके अधिकार कायद्यानं दिलेत.

लिहिलेल्याचा एक परिच्छेद कसा दिसतो ते बघा:

"पगाराच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या शिफ्टला, साधारण साडेआठ वाजता लाईन सुपरवायझरनं मला लेबलचा रोल आणायला स्टोअरमध्ये पाठवलं. मी आत गेल्यावर तो मागून आला आणि दार लोटून घेतलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या हातात आहे, लक्षात ठेव.' मी रोल तिथेच टाकून बाहेर आले. दाराबाहेर हाउसकीपिंगच्या मावशी होत्या. त्यांनी मला विचारलं, काय झालं. मी काही बोलले नाही."

यात एकही विशेषण नाही. चौकशीत ते लागतही नाही.

फोनवरचे मेसेज असतील तर संताप आला तरी काढून टाकू नका, ब्लॉक करायच्या आधी नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ चॅट तसंच राहू द्या. पूर्ण तक्रार तिला मोठ्यानं वाचून दाखवा, तिच्या भाषेत. विदर्भातून, बिहारमधून, कर्नाटकातून आलेल्या मुली या पट्ट्यात पुष्कळ आहेत. हिंदीत सांगितलेलं हिंदीतच लिहा. मग सही किंवा अंगठा. कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नावांसह सहा प्रती असा नियम आहे. त्या समितीनं काढून द्याव्यात, बाईला झेरॉक्सच्या दुकानात पाठवू नका. तिथे काउंटरवर पडलेलं पान कोण वाचेल सांगता येत नाही.

चौकशीत

तक्रारीची प्रत समोरच्याला कामाच्या सात दिवसांत जाते, त्यानं कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी 90 दिवसांत संपवायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि मालकानं 60 दिवसांत कारवाई. बैठकीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. संशयापलीकडचा पुरावा लागतो तो फौजदारी खटल्याला. इथे दोघांच्या सांगण्यातलं काय जास्त संभवनीय आहे ते बघायचं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी सुचवतं, "मिटवून टाकू." समेट बाईनं स्वतःहून मागितला तरच करता येतो, आणि पैशाच्या बदल्यात तर नाहीच. समितीनं सुचवणंही चुकीचं आहे. ते वाक्य बैठकीत निघालं तर मी इतिवृत्तात लिहायला सांगते, कोण बोललं त्याच्या नावासकट. पुन्हा निघत नाही.

चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते, दोघांपैकी एकाची बदली होऊ शकते आणि तिच्या कामाचा शेरा त्याच्या हातून काढून घेता येतो. कंपन्या पटकन बाईलाच हलवतात, दुसऱ्या डिपार्टमेंटला, दुसऱ्या शिफ्टला. मग सगळ्या कारखान्याला वाटतं, तिलाच शिक्षा झाली. तिला विचारा. बहुतेक जणी म्हणतात, मला माझ्याच लाईनवर राहायचंय, त्याला हलवा. समितीनं तशीच शिफारस करावी.

नावं बाहेर जाता कामा नयेत. आपल्याकडे चहाच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी सगळं पोचलेलं असतं, म्हणून इतिवृत्त कॉमन प्रिंटरवर काढू नका आणि ईमेलनं फिरवू नका.

पोलिसात जायचं असेल तर

समिती आणि पोलीस दोन्हीकडे जाता येतं, एकीकडे गेलं म्हणून दुसरं दार बंद होत नाही. उलट पोलिसात जायला मदत करणं हे मालकावर बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: विनयभंगाच्या हेतूनं बळ वापरणं कलम 74, लैंगिक छळ 75, पाठलाग 78, शब्द किंवा हावभाव 79. "हद्द आमची नाही" असं ऐकवलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. तो कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि प्रत मोफत मिळते. वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. तातडीला 112, मदतीसाठी 181.

दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे

वाशीतलं कपड्यांचं दुकान, कोपरखैरण्यातला क्लिनिक, घणसोलीतलं ब्यूटी पार्लर, आणि टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायका. यांच्यासाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल त्यांच्यासाठीही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. इथे नवी मुंबईत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे एकच, त्यामुळे माणसं गोंधळतात. खारघरच्या फ्लॅटमध्ये काम करणारी बाई राहायला तुर्भे स्टोअरच्या वस्तीत असली तरी तिची तक्रार रायगडच्या समितीकडे. कामाची जागा बघायची, घर नाही. घरकामगार बाईच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते.

सोसायटीच्या गेटवर घरकामाच्या बायकांचे पास बनतात, तिथे हा पत्ता लावायला लावा. त्यासाठी सेक्रेटरीची परवानगी लागते, आणि सोसायटीतल्या दोन-चार जणी एकत्र गेल्या की ती मिळते.

शाळा हीसुद्धा कामाची जागा. शिक्षिका, आया, बसमधली ताई यांच्यासाठी तिथे अंतर्गत समिती हवी, आणि मुलांसाठी 2022 च्या शासन निर्णयानुसार सखी सावित्री समिती. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूरला पालक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांनी ही नावं पहिल्यांदा बोर्डवर लावली. पालकसभेत विचारा: समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली? मुलाबाबतचा लैंगिक गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. शाळेची आधी अंतर्गत चौकशी, मग बघू, हे चालत नाही.

वार्षिक अहवालातलं शून्य

दरवर्षी समितीला मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला अहवाल द्यावा लागतो: तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, 90 दिवसांवर किती रखडल्या, प्रशिक्षणं किती झाली. जिथे शेकडो बायका तीन शिफ्टमध्ये काम करतात तिथेही वर्षानुवर्षं पहिल्या रकान्यात शून्य असतं, आणि बैठकीत ते अभिमानानं वाचलं जातं. तुम्ही सदस्य असाल तर तिथे थांबवा. विचारा की यंदा कॉन्ट्रॅक्टच्या किती जणींना प्रशिक्षण दिलं, कुठल्या भाषेत, रात्रीच्या शिफ्टला कोण गेलं होतं, नोकरी सोडून गेलेल्या बायकांना जाताना कुणी विचारलं का. समितीवर आल्यापासून नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक बाईशी हिशेब घ्यायला येते त्या दिवशी पाच मिनिटं एकटीशी बोलायची पद्धत मी चालू करून घेतली. आता तिला गमावण्यासारखं काही राहिलेलं नसतं, ती खरं सांगते, आणि एकाच लाईनची नावं पुन्हा पुन्हा येतात तेव्हा कुठे बघायचं ते कळतं. ही उत्तरं मिळाली नाहीत तर अहवालावर सही करण्याआधी इतिवृत्तात तसं लिहायला लावा, आणि रात्रीच्या शिफ्टच्या सत्राची तारीख त्याच बैठकीत ठरवून घ्या.